सुट्टीतलं नाट्यशिबिर, फिल्म कार्यशाळा: मूल पहिल्यांदा पाठवताना

मी मुलांची नाट्यशिबिरं घेते. मार्च उजाडला की चौकशीचे फोन सुरू होतात. आवाज वेगळे, गावं वेगळी, पण बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच: "ताई, शेवटी स्टेजवर प्रयोग असतो ना?" असतो. पण तो प्रश्न शेवटी विचारावा. पहिला प्रश्न असा हवा: "प्रयोगाच्या आधीचे नऊ दिवस मुलं रोज काय करतात?" शिबिर घेणाऱ्याला याचं उत्तर भरभरून देता आलं तर पुढचं बोला. "ते आमच्यावर सोडा" असं उत्तर आलं तर दुसरं शिबिर शोधा.

मी हे शिकले ते माझ्या मुलीमुळे. ती आठ वर्षांची असताना तिला एका शिबिरात घातलं. दहाव्या दिवशी झगमगीत प्रयोग झाला. कपडे सुंदर होते, फोटो सुंदर आले. पण संवाद सगळे आधी रेकॉर्ड केलेले होते आणि मुलं त्यावर ओठ हलवत होती. रेकॉर्डिंगच्या दिवशी तिला सर्दी होती, म्हणून तिच्या तोंडी आवाज दुसऱ्याच मुलीचा होता. घरी आल्यावर विचारलं, "शिबिरात काय काय केलंत?" ती म्हणाली, "आपला नंबर येईपर्यंत बसायचो." पुढच्या उन्हाळ्यात दोन मैत्रिणींना घेऊन सोसायटीच्या हॉलमध्ये मी स्वतः शिबिर सुरू केलं आणि तेव्हापासून माझे एप्रिल-मे त्यातच जातात. ज्यांच्या घरात नाटक-सिनेमाचा काही संबंध नाही, त्या आईबाबांसाठी हे लिहिते आहे.

आधी मुलाकडे बघा

पाच ते सात वर्षांच्या मुलांना प्रयोग नको, खेळ हवा. गोष्ट ऐकायची, त्यातला वाघ व्हायचं, मग त्याच गोष्टीतला ससा व्हायचं, आरशासमोर उभं राहिल्यासारखी समोरच्याची हुबेहूब नक्कल करायची. या वयात दीड तास पुरे. आठ ते बारा हे नाटकासाठी सोन्यासारखं वय. संवाद पाठ होतात, समोरच्याचं ऐकता येतं आणि लाज अजून पुरती आलेली नसते. फिल्म कार्यशाळा मात्र बाराच्या पुढे बरी. सिनेमात वाट बघणं फार असतं. वीस सेकंदांचा शॉट सहा वेळा घ्यायचा, मध्येच कुत्रं भुंकलं म्हणून सातव्यांदा घ्यायचा. नऊ वर्षांचं मूल तिसऱ्या टेकला कंटाळतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

"आमचा फार बुजरा आहे, जरा धीट होईल म्हणून घालतोय," हे वाक्य मी दरवर्षी ऐकते. मुलाच्या देखत ते बोलू नका, एवढी एकच विनंती. बुजऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी मध्ये उभं करून 'बोल' म्हटलं तर ते आणखी मिटतं. त्याला आधी काम द्यायचं: पडदा ओढणं, थाळी वाजवून पावसाचा आवाज काढणं, फिल्म असेल तर क्लॅप देणं (चित्रण सुरू होताना कॅमेऱ्यासमोर पाटी आपटणं). माझ्याकडे एक मुलगा सहा दिवस फक्त आवाज काढत बसला होता. सातव्या दिवशी एक मुलगी आली नाही, तर तिचे सगळे संवाद त्याला पाठ निघाले. तुमचं मूल अडखळत बोलत असेल, त्याला कमी ऐकू येत असेल, गर्दीची किंवा अंधाराची भीती वाटत असेल, तर ते शिकवणाऱ्यांना पहिल्या दिवसाआधी सांगा, लपवू नका. अडखळणारी बरीच मुलं समूहात, चालीवर बोलताना मोकळी होतात. शिकवणाऱ्याला माहीत असेल तर तो तशी सुरुवात करतो. नाटक हा त्यावरचा उपचार नाही, तो वाणीतज्ज्ञांकडेच. पण आपलंही बोलणं कुणी थांबून ऐकतं हे मुलाला कळणं फार मोठं असतं.

शिबिराआधी एक नाटक दाखवा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. ज्याने कधी नाट्यगृहात बसून नाटक पाहिलेलं नाही, त्या मुलाला आपण काय करायला चाललोय हे कळणार कसं? टीव्हीवरचा रिॲलिटी शो पाहून आलेलं मूल परीक्षकांकडे बघून अभिनय करतं. नाटक पाहून आलेलं मूल समोरच्या पात्राकडे बघतं. हा फरक मला पहिल्या तासातच दिसतो.

मराठीत बालनाट्याची परंपरा नीट रुजलेली आहे. सुधा करमरकरांनी १९५९ साली मुंबईत 'लिटल थिएटर' सुरू केलं आणि मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातली नाटुकली नव्हे, त्याला नेपथ्य, प्रकाश, संगीत सगळं मोठ्यांच्या नाटकाइतकंच नेटकं हवं, हे करून दाखवलं. मग रत्नाकर आणि प्रतिभा मतकरी यांची 'बालनाट्य' ही संस्था आली. पुण्यात १९८६ साली मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने थिएटर अकॅडमीने बर्लिनच्या 'ग्रिप्स' या मुलांसाठी नाटकं करणाऱ्या थिएटरची नाटकं मराठीत आणायला सुरुवात केली. त्यात मोठी माणसं मुलांच्या भूमिका करतात आणि विषय परीराक्षसांचे नसतात, घरातले, शाळेतले, गल्लीतले असतात. ठाण्यात रत्नाकर मतकरींनी पुढे वस्त्यांमधल्या मुलांसाठी 'वंचितांचा रंगमंच' उभा केला आणि तिथली मुलं आपल्याच जगण्यातले विषय घेऊन नाटकं बसवू लागली. चांगलं शिबिर कसं असावं असं कुणी मला विचारलं तर मी याच कामाकडे बोट दाखवते.

तेव्हा परीक्षा संपली की पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती बघा. शिवाजी मंदिर, गडकरी रंगायतन, बालगंधर्व, तुमच्या गावातलं जे नाट्यगृह असेल ते. सुट्टीत बालनाट्यांचे प्रयोग लागतात. जमल्यास पुढच्या पाच रांगांत बसवा, अभिनेत्याचा घाम दिसला पाहिजे.

केव्हा आणि कुठे शोधायचं

गुढीपाडव्याच्या सुमारास शोध सुरू करा. राज्यातल्या बहुतेक शाळांची सुट्टी मे महिन्यात असते आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे त्या जूनच्या अखेरीस सुरू होतात. त्यामुळे चांगली शिबिरं एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दाटलेली असतात आणि जागा लवकर भरतात. दिवाळीच्या सुट्टीत पाच-सहा दिवसांची छोटी शिबिरं होतात. पहिल्यांदा चव घ्यायला ती उत्तम.

मुंबईत जुहूच्या पृथ्वी थिएटरच्या उन्हाळी कार्यशाळा जुन्या आणि नावाजलेल्या आहेत, तिथे वयोगटाप्रमाणे वेगवेगळे शिक्षक असतात. गोव्यात पणजीचं बालभवन आणि कला अकादमी इथे चौकशी करा. दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा 'संस्कार रंग टोली' हा बालरंगभूमीचा विभाग आहे, तो १९८९ पासून मुलांबरोबर काम करतो. पण खरं सांगायचं तर नावापेक्षा अंतर महत्त्वाचं. मेच्या उन्हात रोज दीड तासाचा प्रवास करून आलेलं मूल तालमीत पेंगतं. घराजवळचं ग्रंथालय, शाळेचं सभागृह, हौशी नाट्यसंस्था यांच्याकडे आधी विचारा. राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धेत भाग घेणाऱ्या संस्था जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहेत. त्यांच्यातली मंडळी वर्षभर मुलांबरोबर काम करतात आणि त्यांची शिबिरं बहुधा स्वस्तही असतात.

परदेशातून येणाऱ्यांची वेगळी अडचण होते. अमेरिकेत शाळा सुटतात मेच्या अखेरीस किंवा जूनमध्ये, इंग्लंडमध्ये जुलैच्या उत्तरार्धात. तुम्ही नातवंडांना घेऊन पुण्यात उतरता तोवर इथली शिबिरं संपून शाळाही सुरू झालेल्या असतात. अशा वेळी शनिवार-रविवारचे वर्ग घेणारी संस्था शोधा, किंवा परदेशात तुम्ही राहता तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवासाठी मुलांचं नाटक बसवणाऱ्यांना गाठा. त्यांची तालीम ऐन सुट्टीत चालू असते.

पैसे भरण्याआधी

सगळ्यात आधी साधा हिशेब करा. दहा दिवस, रोज दोन तास, म्हणजे वीस तास. पंचवीस मुलं आणि एक शिक्षक असेल, तर एका मुलाच्या वाट्याला त्याचं लक्ष सगळे मिळून अठ्ठेचाळीस मिनिटं येतं. बारा मुलं असतील तर शंभर मिनिटं. म्हणून एका मोठ्या माणसामागे बारा-तेरापेक्षा जास्त मुलं नकोत, आणि मदतीला कॉलेजातली दादा-ताई मंडळी हवीत. जाहिरातीतल्या प्रसिद्ध नटाचं नाव पाहून भुलू नका. तो दहा दिवस येणार आहे की शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं द्यायला, हे सरळ विचारा. रोज प्रत्यक्ष शिकवणार कोण, त्याने याआधी मुलांबरोबर काम केलंय का, हे कळलं पाहिजे. उत्तम नट असणं आणि मुलांना नाटक शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग संहितेबद्दल विचारा. तयार नाटक बसवणार की मुलं गोष्ट रचणार? तयार संहिता वाईट नसते, पण दहा दिवसांत चाळीस मिनिटांचं तयार नाटक बसवायचं म्हटलं की पाठांतर आणि 'तू इथे उभा राहा, तू तिकडे जा' यातच दिवस संपतात. मुलांनी उत्स्फूर्त खेळातून रचलेलं पंधरा मिनिटांचं नाटक मला नेहमीच जास्त मोलाचं वाटतं. त्यात एखादा प्रसंग ठिगळासारखा दिसेल, चालेल. संवाद जिवंत बोलणार की रेकॉर्डवर, हे विचाराच. मोठ्या सभागृहात मुलांचे आवाज पोचत नाहीत, माइक पुरत नाहीत, ही आयोजकांची अडचण खरी आहे. त्यावरचा उपाय लहान सभागृह हा आहे. शंभर खुर्च्यांच्या खोलीत दहा वर्षांच्या मुलाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत सहज जातो.

भूमिकांचं वाटप कसं करणार हेही विचारा. जास्त पैसे भरणाऱ्याला मोठी भूमिका, असं कुणी सुचवलं तर तिथून निघा.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांच्या आईवडिलांसाठी एक खास गोष्ट. मुलाला देवनागरी भरभर वाचता येत नाही म्हणून संवाद रोमन लिपीत लिहून देऊ नका. रोमनमध्ये ळ आणि ल एक होतात, ण आणि न एक होतात, आणि मूल रंगमंचावर 'बाल' म्हणतं तेव्हा ते केस की बाळ, प्रेक्षकांना कळत नाही. त्यापेक्षा संवाद ऐकवून पाठ करून घ्या. आजी घरात असेल तर तिच्या आवाजात रेकॉर्ड करा. आजीचे हेल मुलांच्या बोलण्यात येतात आणि ते ऐकायला फार गोड लागतं.

शुल्कात काय काय धरलंय ते लिहून घ्या: पोशाख, रंगभूषा, नाट्यगृहाचं भाडं, व्हिडिओची प्रत. 'पोशाखाचे वेगळे' हे नवव्या दिवशी कळलं की चिडचिड होते. शेवटचं, पहिल्या दिवशी अर्धा तास मागे बसून बघू द्याल का, असं विचारा. रोज बसणं बरोबर नाही, पालक खोलीत असले की मुलं मोकळी होत नाहीत. पण पहिला अर्धा तास नाकारणारं शिबिर मला पसंत नाही.

सुरक्षेबाबत संकोच नको

मूल कुणाच्या ताब्यात द्यायचं आणि कुणी न्यायला यायचं याची नोंद लेखी हवी. मुलींचे कपडे बदलायची जागा वेगळी आणि बंद होणारी हवी, तिथे बाईमाणूस हवं. मुलांसाठीही वेगळी जागा हवी, 'मुलगेच आहेत, चालतंय' असं म्हणू नये. नाटकात हात धरणं, खांद्यावर हात ठेवणं येतं. चांगला शिक्षक आधी विचारतो, "हात धरला तर चालेल?" आणि नाही म्हणणाऱ्या मुलासाठी प्रसंग बदलतो. एकाच मुलाला वेगळं थांबवून, दार लावून तालीम कधीही होता कामा नये.

फोटो-व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकायचे की नाही, ही तुमची परवानगी शिबिराच्या प्रवेश अर्जात वेगळी मागितलेली असावी. नको असेल तर 'नाही' लिहा, मुलाची भूमिका त्यामुळे कमी होता कामा नये. आणि काही बिनसल्याची शंका आली तर मुलांच्या मदतीसाठी असलेल्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलालाही पाठ करून ठेवा.

शिबिर सुरू असताना घरी

सैल सुती कपडे, बांधलेले केस, पाण्याची बाटली, कोरडा खाऊ. मुलं बहुतेक वेळ अनवाणी असतात, त्यामुळे पायाची नखं कापलेली हवीत. जेवून लगेच पाठवू नका, पोट भरलेलं असलं की श्वासाचे व्यायाम होत नाहीत.

घरी दिग्दर्शन करू नका. हे सगळ्यात अवघड आहे, मला ठाऊक आहे. मूल संवाद म्हणून दाखवतं आणि आपण म्हणतो, "अरे, हात वर कर ना, जरा हावभाव कर." दुसऱ्या दिवशी ते मूल तालमीत प्रत्येक शब्दाला हात वर करतं आणि आम्हाला ते दोन दिवस उतरवावं लागतं. तुम्ही फक्त समोरच्या पात्राची वाक्यं वाचा, सरळ, अभिनय न करता. मूल अडलं तर पहिला शब्द सांगा. एवढंच. आणि विचारायचंच असेल तर "तुझा रोल मोठा आहे का?" असं विचारू नका, "आज काय खेळलात?" असं विचारा.

चौथ्या-पाचव्या दिवशी बरीच मुलं "मला नाही जायचं" म्हणतात. खेळ संपून तालीम सुरू होते तो हा दिवस. तेच तेच पुन्हा करण्याचा कंटाळा असेल तर एक दिवस धीर द्या, बहुतेक जण परत रमतात. पण मूल कारण सांगायला टाळत असेल, कुणाचं नाव निघालं की गप्प होत असेल, तर जबरदस्ती न करता आधी नीट ऐकून घ्या.

प्रयोगाच्या दिवशी सांगितलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी पोचा. चेहऱ्याला रंग लागला की घाम पुसायचा तो टिपून, चोळून नव्हे. तिसरी घंटा झाल्यावर विंगेत (रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला) डोकावू नका, खुर्चीतून हात हलवू नका. मुलाला तुम्ही दिसलात की त्याचं पात्र तिथेच सुटतं. मोबाइल खिशात ठेवा. मूल वाक्य विसरलं, तर ते निभावून नेण्याची सवय त्याला तालमीत लावलेली असते, त्याला तो क्षण मिळू द्या. मला आठवतंय, एका प्रयोगात राजाचा मुकुट घरंगळत प्रेक्षकांत गेला. प्रधान झालेली नऊ वर्षांची मुलगी शांतपणे म्हणाली, "महाराज, राज्य खाली गेलंय, घेऊन येऊ?" ते संहितेत नव्हतं. त्या दहा दिवसांत तिला काय मिळालं, हे सांगायला मला दुसरं उदाहरण लागत नाही.

फिल्म कार्यशाळा: काय अपेक्षा ठेवायची

इथे पालकांची समजूत बऱ्याचदा उलटी असते. त्यांना वाटतं कॅमेरा किती मोठा आहे त्यावर शिबिराची प्रत ठरते. किशोरवयीन मुलांना शिकायला फोन पुरतो, आणि तोच बरा, कारण शिबिर संपल्यावरही तो त्यांच्या हाताशी असतो. बघायचं ते हे, की प्रत्येक मूल प्रत्येक काम आळीपाळीने करतं का. पाच दिवसांच्या कार्यशाळेत एकच मुलगा 'डायरेक्टर' आणि बाकी सगळे नट असतील तर ते शिकणं नव्हे.

पाच दिवसांत तीन मिनिटांची फिल्म होते, त्यापेक्षा मोठीचा आग्रह नको. पटकथेचं साधारण एक पान म्हणजे पडद्यावरचं एक मिनिट, असा जुना अंदाज आहे. म्हणजे तीन पानं. तीन मिनिटांत अठरा-वीस शॉट धरा. नवशिक्या मुलांना एका शॉटला सरासरी वीस मिनिटं लागतात, कारण जागा ठरवायची, तालीम करायची, चुकायचं, पुन्हा घ्यायचा. अठरा शॉट गुणिले वीस मिनिटं म्हणजे सहा तास. मेच्या उन्हात बाहेरचं शूटिंग सकाळी साडेदहापर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतरच करावं, दुपारी फोनही तापून बंद पडतो आणि मुलंही. म्हणजे शूटिंगलाच दोन दिवस गेले. उरलेल्या तीन दिवसांत गोष्ट, शॉटची यादी आणि संकलन, म्हणजे शॉट कापून जोडणं. हा हिशेब मांडला की पाच दिवसांत वीस मिनिटांची फिल्म करून देतो म्हणणाऱ्याकडे नक्की कोण काम करणार, ते लक्षात येतं.

चांगल्या कार्यशाळेत पहिल्या दिवशी कॅमेरा बाहेरच निघत नाही. मुलं एक प्रसंग सहा चित्रांत काढतात, चौकटी आखून, काड्यांची माणसं चालतात. दूरचा शॉट कुठे, चेहरा जवळून कुठे, हे कागदावरच ठरतं. कागदावर न कळणारी गोष्ट फोनमध्येही कळत नाही. गोष्ट लहान निवडायची: किल्ली हरवली आहे, लिफ्ट बंद पडली आहे, आजोबांना फोनवर फोटो पाठवायला शिकवायचं आहे. दोन पात्रं, एक जागा, एक अडचण. मुलं पहिल्यांदा भूत, खून नाहीतर क्रिकेटचा विश्वचषक घेऊन येतात. हसू नका त्यांना, फक्त विचारा, "हे आपल्या जिन्यात कसं दाखवायचं?" ती आपोआप खाली येतात.

काही तांत्रिक गोष्टी मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलेल्या बऱ्या, कारण त्या चुकल्या की सगळं वाया जातं. लेन्स सुती कापडाने पुसायची, फोनच्या कॅमेऱ्यावर बोटांचं तेल कायम असतं. फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, नाहीतर ऐन टेकमध्ये मामाचा फोन येतो. फोन आडवा धरायचा. फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या चेहऱ्यावर बोट दाबून प्रकाश आणि फोकस अडकवून ठेवायचा, नाहीतर कुणी चाललं की चित्र उजळ-अंधार होत राहतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण फोनमध्ये सेकंदाला ३० फ्रेम (चित्रं) असतील तर कधी कधी पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवलं की ते जातात. दोघं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक रेघ कल्पायची आणि कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेघ ओलांडली की दोघंही एकाच दिशेला बघून बोलताहेत असं वाटतं. हे मी तोंडी सांगत नाही. मुलांना मुद्दाम चुकीचं शूट करायला लावते, मग तेच हसतात आणि मग कधीच विसरत नाहीत.

आवाजाकडे सगळेच दुर्लक्ष करतात. चित्र थोडं डळमळलं तर प्रेक्षक सांभाळून घेतो, संवाद ऐकू आला नाही तर उठून जातो. पंखा बंद करा, फ्रिजचा आवाज ऐका, रस्त्याकडची खिडकी लावा. आणखी एक फोन पात्राच्या जवळ, फ्रेमच्या बाहेर ठेवून त्यावर फक्त आवाज रेकॉर्ड करा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज नंतर जुळवता येतात. शूटिंग संपल्यावर सगळ्यांनी गप्प उभं राहून त्या खोलीची शांतता तीस सेकंद रेकॉर्ड करायची. संकलनात दोन वाक्यांमधली भोकं बुजवायला ती लागते. पंधरा मुलं तीस सेकंद गप्प उभी असतात, तो माझा पूर्ण कार्यशाळेतला आवडता अर्धा मिनिट असतो.

संकलनासाठी संगणकावर 'दा विंची रिझॉल्व्ह'ची मोफत आवृत्ती किंवा 'शॉटकट' पुरेल. पार्श्वसंगीत म्हणून सिनेमातली गाणी नको. आंतरजालावर टाकलं की हक्कांची अडचण येते, आणि मुलांना स्वतः डबे, चमचे, पेटी वाजवून केलेलं संगीत जास्त आवडतं.

'तुमच्या मुलाला मालिकेत घेऊ' असं कुणी म्हणालं तर

शिबिराच्या शेवटी कधी कधी हे आमिष येतं, आणि त्यापाठोपाठ 'पोर्टफोलिओ'चे, म्हणजे मुलाच्या फोटोंच्या संचाचे पैसे. सरळ नाही म्हणा. काम देणारा कलाकाराला पैसे देतो, मागत नाही. खरंच काम मिळालं तर कायदा माहीत असू द्या. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी बालकलाकारांसाठी अटी घातल्या: दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, निर्मात्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमायची, आणि मिळकतीतले किमान २० टक्के मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. यातलं काही विचारलं की समोरचा गडबडला, तर ते काम तुमच्या मुलासाठी नाही.

जवळ शिबिरच नसेल तर

तीन-चार घरांतली मुलं गोळा करा. सकाळचे दीड-दोन तास, एक रिकामी खोली, सात दिवस. पहिले दोन दिवस फक्त खेळ: आरशाचा खेळ, डोळे मिटून आवाज ओळखणं, एका ओढणीचं काय काय होऊ शकतं ते बिनशब्दांत दाखवणं (नदी, साप, बाळ, पागोटं). तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने आजी-आजोबांकडून त्यांच्या लहानपणची एक खरी गोष्ट ऐकून यायची. चौथ्या दिवशी त्यातली एक निवडून करून बघायची, कागद न घेता. मोठ्या माणसाने फक्त मुलं काय बोलतात ते लिहून घ्यायचं, तीच संहिता. पाचवा आणि सहावा दिवस तालमीचे. सातव्या दिवशी संध्याकाळी दोन दोऱ्यांवर चादरी, गच्चीवर किंवा अंगणात, आणि समोर सतरंजी. ज्यांची गोष्ट आहे त्या आजी-आजोबांना पुढे खुर्ची द्या.

मोठी मुलं असतील तर त्याच गोष्टीची फिल्म करू द्या. रोजचं चित्रण त्याच दिवशी संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर, अशा दोन ठिकाणी उतरवून ठेवा. फुल एचडी चित्रण मिनिटाला साधारण शंभर-दीडशे एमबी जागा खातं, त्यामुळे फोन तिसऱ्या दिवशी भरतो आणि मग कुणीतरी घाईत चुकीचं पुसून टाकतं. आजोबांच्या आवाजातली मूळ गोष्टही तशीच रेकॉर्ड करून, नाव आणि तारीख घालून त्याच पेनड्राइव्हवर ठेवा.